जलपर्णी काढली तरी परत का येते?

प्रश्न: पवई तलावातली जलपर्णी मशीन लावून काढतात, पण काही महिन्यांत परत तोच हिरवा गालिचा. औषध मारून एकदाच संपवता येणार नाही का?

उत्तर: औषधाचा नाद सोडाच ताई, कारण मेलेली जलपर्णी तळाशी जाऊन कुजते, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मग मासे मरून वर येतात. खरं दुखणं आहे सांडपाणी. त्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस म्हणजे तिला आयतं खत, हवा मानवली की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, वर बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. एक रोप उचलून बघा, फुगीर देठ, खाली काळपट झुपकेदार मुळं, आणि बाजूला आडवा फुटवा ज्याच्या टोकाला नवं पिल्लू, तेवढंच पाण्यात राहिलं तरी परत सुरू! म्हणून जांभळी फुलं यायच्या आधी काढायची, आणि ढीग काठावर अजिबात ठेवायचा नाही, पावसात त्याचा रस परत तलावातच उतरतो. पण नाल्याचं सांडपाणी अडवून शुद्ध केल्याशिवाय नुसती मशीन फिरवून काही होणार नाही, हे मी ठामपणे सांगते. वॉर्ड ऑफिसला किती टन काढली ते नका विचारू, किती नाले अजून तलावात सुटतात ते लेखी विचारा.