ट्रकमालकाने देऊ केलेले पाच लाख घेऊन अपघाताचे प्रकरण मिटवावे का?

मालवाहू ट्रकच्या धडकेत वडील गेले, ट्रकमालक पाच लाख रोख देऊन स्टॅम्प पेपरवर सही मागतो आहे, सही करावी का आणि दावा लावायचा तर कुठे, असे आपण विचारले आहे. सही करू नका. चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली पाच लाख मिळतात. मालक त्याहून एक रुपयाही जास्त देत नाही.

२०१८ मध्ये इंदापूरजवळ माझ्या वडिलांच्या मोटारसायकलला ट्रकने मागून धडक दिली. दहाव्याच्या दिवशीच थोरले काका मालकाचा तीन लाखांचा निरोप घेऊन आले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये आणि दुधाचा धंदा करणाऱ्याचे उत्पन्न कोणी मोजत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वडील मात्र दूध संकलन केंद्राची प्रत्येक पावती गोठ्यातल्या तारेत ओवून ठेवत, आणि याच सवयीवरून काका त्यांना आयुष्यभर हसले होते. त्या पावत्या, दर दहा दिवसांनी बँकेत जमा होणारा दुधाचा पगार आणि केंद्राच्या सचिवांची साक्ष यांवर आमचा दावा उभा राहिला.

विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत आईला विचारले की गाई तर गोठ्यातच आहेत, मग नुकसान कसले? आईने सहापैकी तीन गाई विकाव्या लागल्याचे सांगितले आणि वडिलांनंतरच्या वर्षाच्या पावत्यांनी ते दाखवून दिले. चारापाण्याचा खर्च वजा जाता महिना १५,००० उत्पन्न धरले गेले. वडील ४४ वर्षांचे होते, त्यामुळे भावी वाढीचे २५ टक्के मिळवून, आम्ही चौघे अवलंबून म्हणून वडिलांच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करून, उरलेल्या वार्षिक रकमेला वयानुसार ठरलेल्या १४ या गुणकाने गुणले. ती रक्कम २३,६२,५०० झाली. कागद नसते आणि अंदाजाने महिना ८,००० धरले असते, तर याच हिशेबाने १२,६०,००० हाती आले असते. ‘कागदाने पोट भरत नाही’ म्हणणाऱ्या काकांना मी हे दोन आकडे त्याच पावतीच्या पाठीवर लिहून दाखवले.

म्हणून वकील गाठण्याआधी वडिलांच्या कमाईचा कागद शोधा. एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल पोलिसांकडून नंतरही मिळतात. दावा आपण राहता त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो, अपघाताच्या ठिकाणी खेटे घालण्याची गरज नाही. मात्र १ एप्रिल २०२२ पासूनच्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वर्षश्राद्धाची वाट पाहू नका.

वडिलांचीही काही चूक निघाली, तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कापली जाते. चालकाचा परवाना सदोष असल्यास न्यायाधिकरण बहुधा विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावून ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते, पण ट्रकचा विमाच संपलेला असेल तर सगळा भार मालकावर येतो आणि वसुली अवघड होते, म्हणून पॉलिसीची तारीख आजच तपासा. लोकअदालतीत तडजोड करायला माझा विरोध नाही, परंतु तिथल्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे वरचा हिशेब खिशात ठेवूनच बसा. आमच्या निकालाला चार वर्षे लागली आणि आईच्या वाट्यातील बरीच रक्कम मुदत ठेवीत अडकली. एवढ्या एका बाबतीत काकांचे म्हणणे खरे होते, पण हे मी त्यांच्यासमोर अजून कबूल केलेले नाही.