पर्वती चढताना जळजळ, वाकताना आंबट पाणी

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझं वय ५३, बँकेत नोकरी. पित्ताचा त्रास जुना. दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा अन्ननलिकेला खालच्या टोकाशी सूज आहे म्हणाले आणि पॅन्टोप्राझोल दिली. ती मी रात्री जेवणानंतर घेते. सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध घेऊन पर्वती चढते, घरी येऊन पोहे-चहा आणि मग अर्ध्या तासाने बारा सूर्यनमस्कार. हल्ली नमस्कार घालताना आंबट पाणी घशाशी येतं. पर्वती चढतानाही छातीत जळजळतं, वर जाऊन बसले की थांबतं. मैत्रिणी म्हणतात कपालभाती कर, मुलगा म्हणतो जिम लाव, सासूबाई म्हणतात सगळं बंद करून आराम कर. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : ‘वर जाऊन बसले की थांबतं’ या वाक्यावर मी अडले. पित्ताची जळजळ साधारणपणे जेवणाशी, वाकण्याशी, आडवं होण्याशी बांधलेली असते. चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी जळजळ हृदयाचीही असू शकते. बायकांमध्ये तर हृदयाचं दुखणं पुष्कळदा ‘ॲसिडिटी’ म्हणूनच घरात वावरतं. तेव्हा याच आठवड्यात फिजिशियनकडे जा आणि चढतानाचं सगळं जसंच्या तसं सांगा. झोपवून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे झालं, असं नाही. स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) लागेल का, ते त्यांना विचारा. तोवर पर्वतीच्या पायऱ्या बंद. सपाट रस्त्यावर हळू चाला, आणि तिथेही जळजळलं तर चालणं थांबवा. बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर लिंबूपाणी, सोडा काही न घेता थेट हॉस्पिटल गाठा.

हृदय ठीक निघालं तर पुढचं वाचा.

सूर्यनमस्कारातलं आंबट पाणी मात्र खास पित्ताचंच वाटतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं कडं असतं, आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) बाहेरून त्याला आवळून धरतं. तुमचं हे कडं सैल पडलेलं दिसतंय. पोहे पोटात गेल्यावर अर्ध्या तासात पादहस्तासन केलं, की पोट दाबलं जातं आणि डोकं जठराच्या खाली येतं. मग आतलं पाणी घशाशी येणार नाही तर काय होईल? पर्वतासनातही तीच गत. जेवण जठरातून पुढे सरकायला दोन-तीन तास सहज लागतात, तेलकट असेल तर जास्तच.

म्हणून क्रम उलटा करा. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर पॅन्टोप्राझोल (वेळ बदलण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा). ही गोळी नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तरच नीट लागू पडते. रात्री भरल्या पोटी घेऊन तिचा बराचसा उपयोग तुम्ही वाया घालवताय. गोळी घेऊन चालायला निघालात, की तेवढा वेळ आपोआप भरतो. व्यायाम उरका, मगच पोहे. लिंबू-मध सोडा. सुजलेल्या अन्ननलिकेवर सकाळी सकाळी लिंबू कशाला? चहाही नाश्त्याबरोबरच, उपाशीपोटी नको.

रिकाम्या पोटी नमस्कार घालतानाही आंबट पाणी घशाशी येत असेल तर काही दिवस ताडासन, वीरभद्रासन, उत्कटासन एवढंच करा. सलवारची नाडी सैल बांधा. हसू नका, कमरेला करकचून आवळलेली नाडी पोटावरचा दाब वाढवते आणि नेमकी वाकतानाच काचते.

कपालभातीबद्दल मैत्रिणींचं ऐकू नका. पोटाला झटके देणारी क्रिया सध्या तुमच्या कामाची नाही. त्याऐवजी खुर्चीत ताठ बसून पोटाने सावकाश श्वास घ्या: श्वास घेताना नाभी बाहेर, सोडताना आत, खांदे हलवायचे नाहीत. कड्याला आधार देणारं श्वासपटल याने कामाला लागतं, आणि काही रुग्णांना याचा फायदा झालेला दिसतो. पर्वतीवर सल्ला फुकट मिळतो, पण तिथे कुणी तुमचा दुर्बिणीचा रिपोर्ट वाचलेला नसतो.

सासूबाईंचंही ऐकू नका. चालणं सोडलं, पोटाचा घेर वाढला, की त्रास वाढतोच. रात्री मात्र त्यांच्या वेळेला, लवकर जेवा. झोपायच्या तीन तास आधी ताट उचललेलं असावं. जेवणानंतर रमतगमत शतपावली चालेल, झपझप नको. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा देऊन तो अर्धा फूट उचला. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान वाकते आणि पोट उलट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा.

एक विचारायचं राहिलं: पायऱ्यांमुळे गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणता का? आणत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्या पोटाच्या वैरी आहेत. गिळताना घास अडकला, शौचाला काळी झाली किंवा वजन आपोआप उतरू लागलं, तरीही वाट पाहू नका.

राहिला मुलगा. जिम चालेल. सायकल, ट्रेडमिलवर चढण न लावता चालणं, बसून हलकी वजनं. वजन उचलताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. क्रंचेस आणि डोकं खाली करणारा बाक नको, ट्रेनर कितीही म्हणाला तरी. फी भरायला मात्र मुलाला जरा थांबायला सांगा. फिजिशियननी हिरवा कंदील दाखवल्याखेरीज नाही, आणि नंतरही वर्षाची एकदम नको.