दयाळाच्या पेटीत चिमण्या

प्रश्न : अमेरिकेतील ओहायो राज्यात राहणारा माझा भाचा ब्लूबर्ड पक्ष्यांसाठी लावलेल्या पेट्यांतून चिमण्यांची घरटी काढून टाकतो. आमच्या वाडीत दयाळासाठी टांगलेल्या पेटीतही यंदा चिमण्यांनीच बिऱ्हाड थाटले आहे. त्यांना हुसकावून लावावे काय?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : हुसकावू नये. मात्र आपल्या भाच्यालाही निर्दय समजू नये. आपली ही चिमणी मूळची अमेरिकेची नव्हे. १८५१-५२ च्या सुमारास ती युरोपातून आणून ब्रुकलिनमध्ये सोडण्यात आली आणि तेथून खंडभर पसरली. ब्लूबर्डला स्वतः ढोली कोरता येत नाही, त्यामुळे सुतारपक्ष्याने सोडलेली ढोली किंवा माणसाने लावलेली पेटी यांवरच त्याची भिस्त असते. चिमणीचा नर त्या पेटीत शिरून अंडी फोडतो, पिल्ले मारतो आणि आत कोंडीत सापडलेल्या मोठ्या पक्ष्यालाही डोक्यावर चोची मारून ठार करतो. घरटी काढल्याने खंडातील चिमण्या कमी होत नाहीत. वाचते ती त्या एका पेटीतील वीण, आणि माझ्या मते तेवढे कारण पुरेसे आहे. (आपली साळुंकीही ऑस्ट्रेलियात अशीच उपरी ठरली असून तेथे तिला पिंजरे लावून पकडतात.)

कोकणात चिमणी उपरी नाही. कौलांखाली, वळचणीला, वाशांच्या खाचांत ती पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. कौले उतरून स्लॅब पडला, तेथे तिचीच जागा गेली. दयाळ तिच्याहून मोठा असल्याने, भोक लहान करून तिला रोखू गेल्यास आधी दयाळच बाहेर राहील. त्यापेक्षा पडवीच्या वळचणीला ३२ ते ३५ मिलिमीटर भोकाची वेगळी पेटी चिमणीसाठी लावावी आणि दयाळाची पेटी घरापासून दूर, वाडीतील आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडावर, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर न्यावी. कारण चिमणी माणसांच्या वावराजवळच घरटे करणे पसंत करते. सध्याच्या पेटीला पिल्ले उडून जाईपर्यंत हात लावू नये. दयाळाची वीण साधारणपणे मार्चपासून सुरू होते, तेव्हा हे सारे पुढील फेब्रुवारीपूर्वी उरकावे. वाडीत एखादे वठलेले झाड असेल आणि ते घरावर किंवा वाटेवर पडण्याची भीती नसेल, तर सरपणासाठी तोडू नये. सुतारपक्षी आणि तांबट त्यातच ढोल्या कोरतात आणि त्यांनी सोडलेली एखादी ढोली दयाळाला मिळू शकते.