सासूबाईंना घेऊन घर बघायला जा

पत्र (थोडं कमी करून): माझं वय 39. आम्ही सोलापूरला होटगी रोडला राहतो. मिस्टर तीन वर्षांपासून बेंगळुरूला नोकरीला आहेत, महिन्यातून एकदा येतात. आता म्हणतात, सगळेच इकडे या. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. मला जायला काहीच हरकत नाही, प्रश्न सासूबाईंचा आहे. त्या 71 वर्षांच्या, गुडघे दुखतात. सासरे गेल्यापासून त्यांचं विश्व म्हणजे हे घर आणि सिद्धेश्वराचं देऊळ. नवीन शहर, परकी भाषा, ओळखीचं कुणी नाही. या वयात त्यांना उपटून नेणं मला पाप वाटतं. मिस्टरांना हे कळत नाही. सासूबाईंचा कुणाला त्रास नसतो. टीव्ही, जपमाळ, संध्याकाळी विजापूरकडच्या इंडीच्या बहिणीशी फोनवर कानडीत बोलतात, तेही मुलं हसतात म्हणून आतल्या खोलीत जाऊन. अशा माणसाचं तिकडे कसं होणार? त्यांच्यासाठी थांबावं की संसारासाठी जावं?

उत्तर:

ताई,

चार पानी पत्रात गुडघ्यांना एक अख्खा परिच्छेद मिळालाय. इंडीच्या बहिणीचा फोन तुम्ही दीड ओळीत उरकलात, आणि मी तिथेच अडकले.

अहो, तुम्ही सगळे बेंगळुरूला गेलात तर त्या घरात तिथली भाषा येणारं माणूस एकच असणार, आणि नेमकी त्याचीच काळजी तुम्हाला लागून राहिलीय? भाजीवाली, रिक्षावाला, घरमालक, खालचा वॉचमन, या सगळ्यांशी तुमचे मिस्टर तीन वर्षांनंतरही हिंदी-इंग्रजीची खिचडी करूनच बोलत असतील. सासूबाई पहिल्या दिवशी बोलतील. त्यांची कानडी विजापूरकडची. बेंगळुरूवाल्यांना ती जरा रांगडी वाटेल, एखादा गालातल्या गालात हसेलही. पण कळेल सगळं.

आणि सोलापूरच्या बाईनं कानडीला परकी म्हणावं? ज्या सिद्धेश्वराच्या देवळात सासूबाई जातात, त्या सिद्धरामांची बाराव्या शतकातली वचनं कानडीतच आहेत. तुमच्या शहरात मराठी, कानडी, तेलुगू एकाच बाजारात ऐकू येतात. तुमच्या घरात मात्र एका बाईला स्वतःच्या आईची भाषा बोलायला दार लोटून घ्यावं लागतं. मुलं हसतात, हे तुम्ही सहज लिहून गेलात. ती हसतात तेव्हा तुम्ही काय करता, ते नाही लिहिलंत.

आता थोडं कडू बोलते. जायला काहीच हरकत नाही, हे तुम्ही मूळ पत्रात तीन ठिकाणी लिहिलंय. ज्याला खरंच हरकत नसते तो इतक्यांदा सांगत बसत नाही. नवरा बाहेरगावी असताना घर तुम्ही चालवलंत. बँक, घरपट्टी, शाळेतल्या पालकसभा, चार-पाच दिवसांआड येणारं पाणी भरून ठेवणं, सगळं तुमच्या अंगावर. त्यातून घरात तुमचा शब्द चालायला लागला, आणि तो तुम्ही कमावलाय. तिकडे गेल्यावर पहिलं वर्षभर तुम्ही दुकानात बोट दाखवून वस्तू मागणार, आणि शेजारी उभ्या सासूबाई भाव करणार. याची धास्ती वाटणं मला कळतं. ती धास्ती सासूबाईंच्या गुडघ्यांवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही.

पाप वाटतं म्हणता, पण त्यांना विचारलंत का? चार पानांत त्यांच्या तोंडचं एक वाक्य नाही.

तेव्हा एकच करा. नाताळच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन बेंगळुरूला घर बघायला जा. गोलगुंबज एक्स्प्रेसनं जा. ती सोलापूरहून इंडी रोड, विजापूर, हुबळी करत जाते, त्यामुळे वाटेत त्यांचं माहेर लागतं. बहीण स्टेशनवर भेटायला आली तर येऊ दे. मुलांनाही न्या, मुद्दाम न्या. मिस्टर ऑफिसात असले तरी चालेल, त्यांची या कामात फारशी गरज नाही.

घरमालकाशी बोलणं सासूबाईंकडे सोपवा. तिथे दहा महिन्यांचं भाडं अनामत मागायची जुनी रीत आहे, म्हणजे 25 हजार भाड्याच्या घराला अडीच लाख. हल्ली पाच-सहा महिन्यांवर तयार होणारेही भेटतात, पण घासाघीस करणारं माणूस लागतं आणि ती मालकाच्या भाषेत झाली तर बरी. त्याहून महत्त्वाचं पाणी. नळाला कावेरीचं येतं, बोअरचं येतं की सगळा भार टँकरवर, हे घर पसंत करायच्या आधी कळलं पाहिजे. 2024 च्या उन्हाळ्यात तिथल्या बोअर आटल्या आणि टँकरसाठी लोकांची कशी पळापळ झाली, ते मिस्टरांना विचारा. मालक आणि दलाल दोघंही तुम्हाला हसतमुखानं ‘नो प्रॉब्लेम’ म्हणतील. सासूबाई खाली जाऊन वॉचमनशी आणि शेजारच्या बाईशी पाच मिनिटं बोलून आल्या की खरं काय ते कळेल. सोलापूरच्या बाईला पाण्याचं काय विचारायचं हे शिकवावं लागत नाही.

गुडघ्यांसाठी लिफ्टचं घर बघा, संपला विषय. उन्हाचं म्हणाल तर 42-43 अंशांतून त्या नऊशे मीटर उंचीवरच्या गावात जाणार आहेत, तक्रार करणार नाहीत. महादेवाची देवळं तिथे गल्लोगल्ली आहेत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला दर जानेवारीत सोलापूरला यायचं, हे मात्र आत्ताच ठरवून टाका.

परत येताना गाडीत त्यांना विचारा. तुम्ही विचारा, मिस्टरांकरवी नको. त्या नको म्हणाल्या तर मला पुन्हा लिहा, मग आपण दुसरा विचार करू. पण नको म्हणायचं ते त्यांनी, त्यांच्या वतीनं तुम्ही नाही.

हे सगळं नाताळातच का, पुढे का नाही, तर मुलीमुळे. ती जूनमध्ये नववीत जाईल. सीबीएसईची नोंदणी नववीतच होते, दहावीला थेट प्रवेश सहसा देत नाहीत. हा जून चुकला की तुम्ही तिच्या दहावीपर्यंत सोलापुरात अडकलात, आणि तेव्हा कारण सांगायला सासूबाई लागणारही नाहीत. मुलगा लहान आहे, त्याचं निभेल. पण 2015 च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांना कानडी शिकवावीच लागते, तेव्हा दोघांच्याही शाळेत कानडीचं काय, हे प्रवेशाआधी विचारून घ्या. आणि घरी आजीला विचारा, लिहिता-वाचता येतं का. इंडीच्या शाळेत चार इयत्ता जरी झाल्या असतील तर अक्षरं येत असतील. शिकवणी आतल्या खोलीत नको, हॉलमध्ये बसवा. आजीच्या बोलण्याला हसणाऱ्यांना आजीकडूनच बाराखडी गिरवू दे.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर परराज्यातल्या बऱ्याच शाळा शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. मे महिन्यात त्या कचेरीत साहेब जागेवर सापडणं कठीण, म्हणून निकाल लागला की लगेच जा. सासूबाईंना तिथे नेऊ नका, ते काम तुमचं.