‘व्हर्बोसली’ म्हणजे सविस्तर नव्हे

रत्नागिरी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझा इंग्रजी अर्ज वाचला. जेटीवरच्या कामाचा अनुभव नेमका उतरलाय. शेवटच्या वाक्याशी मात्र थांबलो. ‘मुलाखतीत हा अनुभव मी व्हर्बोसली सांगेन,’ असं लिहिलंयस. तुला म्हणायचंय ‘सविस्तर’. वाचणाऱ्याला कळेल ‘पाल्हाळ लावून’.

लॅटिनमध्ये ‘व्हर्बम’ म्हणजे शब्द. त्यावरून ‘व्हर्बोस’ हे विशेषण आलं, त्याला ‘ली’ लागून क्रियाविशेषण झालं. उच्चारताना जोर ‘बो’वर दे. बोलणं, लिहिणं, समजावणं अशा क्रियापदांना हा शब्द लागतो, आणि लागला की दोषच दाखवतो.

तुझी चूक कुठून आली तेही लक्षात आलं. संगणकावर ‘व्हर्बोस मोड’ लावला की प्रोग्राम प्रत्येक पायरी छापत जातो. तिथे त्या शब्दात नावं ठेवणं नाही, नुसता तपशील आहे. माणसांच्या बोलण्याला तो अर्थ चालत नाही.

आणि लांबी म्हणजे पाल्हाळ नव्हे, हे नीट समजून घे. मच्छीमारांसाठी हवामान खात्याचा इशारा येतो: कुठल्या पट्ट्यात, कुठल्या तारखांना, वारा ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65 पर्यंत, समुद्रात जाऊ नये. वाचायला वेळ लागतो, पण त्यातला एक शब्द गाळून बघ. तारीख गेली तर होडी कधी ओढून ठेवायची? आपल्याकडचं नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, तेही रात्र रात्र चालतं, लोक उठत नाहीत. नमनालाच घडाभर तेल जळलं, तर मात्र चुळबुळ सुरू होते. व्हर्बोसली म्हणतात ते त्या तेलाला.

म्हणून तुझ्या वाक्यात ‘इन डिटेल’ लिही. बराच वेळ बोलायचं असेल तर ‘ॲट लेंग्थ’. त्यातही दोष नाही. ‘साध्या प्रश्नाला त्यांनी व्हर्बोसली उत्तर दिलं’ इथे तो शब्द शोभतो. तरी इंग्रजीत ‘उत्तर व्हर्बोस होतं’ असं विशेषणाने सांगणंच जास्त रुळलेलं आहे.

आता पहिला परिच्छेद. ‘आपणांस नम्रपणे कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ या थाटाच्या चार ओळी काढ आणि जेटीपासून सुरुवात कर. मग पुन्हा पाठव, मी त्याच दिवशी वाचेन.

तुझा,
सर