नागपुरात जुना अपराइट पियानो दुरुस्त करायला किती खर्च येतो?

आकडा पॉलिशवर नाही, पिनब्लॉकवर ठरतो, म्हणजे तारा ताणणाऱ्या पिना ज्यात रुतलेल्या असतात त्या लाकडी ठोकळ्यावर. वरचं झाकण उघडून पुढची फळी काढा आणि ट्यूनरला दहा-पंधरा पिना फिरवून बघायला सांगा. मोजक्याच सैल असतील तर जाड मापाच्या पिना ठोकून भागतं. ब्लॉकच तडकला असेल तर सुमारे २३० तारा उतरवाव्या लागतात. मग घरातली आठवण सोडली तर दुसरा चांगला जुना पियानो घेणंच परवडतं.

त्यानंतर हॅमरचं, म्हणजे तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचं, फेल्ट (दाबलेली लोकर). तारांचे चरे पडले असतील, पण फेल्ट पुरेसं जाड असेल, तर घासून चालतं. कसर लागली असेल तर पूर्ण संच बदला. कीबेडखाली (पट्ट्या ज्या फळीवर बसतात तिच्याखाली) वाळवीही बघाच.

सूर प्रमाण पट्टीपेक्षा (‘ए’ स्वर ४४० हर्ट्झ) अर्धा स्वर उतरला असेल तर एका बैठकीत होत नाही: आधी सूर चढवणं, मग बारीक ट्यूनिंग. गंजलेल्या तारा याच वेळी तुटतात. तांब्याचं वेटोळं असलेल्या खर्जाच्या तारा मापाने बनवून घ्याव्या लागतात.

ट्यूनर मुंबई-पुण्याहून येणार असेल तर प्रवास-मुक्काम वेगळा धरा. आणि त्याला मे महिन्यात बोलावू नका. उन्हाने लाकूड आकसतं, पावसात फुगतं, सूर पुन्हा हलतो. दिवाळीच्या सुमारास बोलवा. कूलरचा झोत पियानोवर नको.