उड्डाणाची वेळ की उड्डाणाचा वेळ?

प्रश्न असा आला आहे : प्रवासाच्या माहितीपत्रकात ‘मुंबई–नागपूर : हवाई अंतर ६८५ किमी, उड्डाण वेळ १:३०’ असं छापायचं आहे. यातले ‘हवाई अंतर’ आणि ‘उड्डाण वेळ’ हे शब्द बरोबर आहेत का?

‘हवाई अंतर’ खुशाल ठेवा. हवाई गप्पांमुळे काहींना या विशेषणाचा संशय येतो, पण हवाई दल, हवाई वाहतूक म्हणताना तो कुणालाच येत नाही. शब्द गरजेचाही आहे. मुंबईहून नागपूर रेल्वेने ८३७ किमी, समृद्धी महामार्ग भिवंडीजवळचं आमणे ते नागपूर ७०१ किमी, आणि दोन विमानतळांमधलं जवळात जवळचं अंतर सुमारे ६८५ किमी. कुठलं अंतर ते सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

‘उड्डाण वेळ’ मात्र बदला. मराठीत ‘वेळ’ दोन आहेत. ती वेळ म्हणजे घड्याळातला नेमका क्षण. तो वेळ म्हणजे लागणारा अवधी. ‘निघायची वेळ झाली’, पण ‘निघायला वेळ झाला’. पहिल्या वाक्यात आता उठायचं आहे, दुसऱ्यात उशीर होऊन गेला आहे. ‘वेळ गेली’ म्हणजे संधी हुकली, ‘वेळ गेला’ म्हणजे तास-दोन तास खर्ची पडले. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत ‘आला नव्हता’ घालून पाहा, म्हणच कोसळते. संस्कृत ‘वेला’ स्त्रीलिंगीच आहे. ही पुल्लिंगी सोय मराठीची, आणि मला ती फार मोलाची वाटते.

विभक्तीतही हा भेद टिकतो. ‘वेळेवर ये’ आणि ‘थोड्या वेळाने ये’ यांत आपण कधी चुकत नाही. ‘विमानाच्या वेळेत बदल’ वाचलं की वेळापत्रक बदललं हे लगेच कळतं. पण ‘उड्डाण वेळ’ असे दोन शब्द नुसते शेजारी ठेवले की ‘ची’ की ‘चा’ हेच कळेनासं होतं. माझ्या मावशीने अशाच एका कागदावर ‘उड्डाण वेळ १:३०’ वाचलं आणि दुपारी दीडचं विमान समजून ती डबा बांधायला बसली. विमान सकाळचं होतं. फोन करून विचारलं म्हणून निभावलं. चूक तिची नव्हती. मराठी वाचणारा माणूस ते तसंच वाचणार.

जोडून ‘उड्डाणवेळ’ लिहिलं तरी लिंग झाकलेलंच राहतं. शिवाय तिकिटावरच्या सुटण्या-पोचण्याच्या वेळांची वजाबाकी म्हणजे निव्वळ उड्डाण नव्हे. विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू होते आणि पोचून जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं सगळं त्यात आलं. हवेतला वेळ त्याहून कमी, आणि तोही वाऱ्याप्रमाणे बदलतो. म्हणून ‘प्रवासाला लागणारा वेळ’ म्हणा, आणि ‘१:३०’ऐवजी सरळ ‘दीड तास’ लिहा. दीड, अडीच, पावणेदोन असे नेमके शब्द हाताशी असताना घड्याळासारखे आकडे कशाला?

मी असं छापेन : ‘मुंबई–नागपूर : हवाई अंतर सुमारे ६८५ किमी, प्रवासाला लागणारा वेळ सुमारे दीड तास.’ सुटण्याची वेळ त्याखाली, वेगळ्या ओळीत.